हंगामी रेस्टॉरंटवाल्यांनो, आम्हाला ‘नाही’ म्हणत राहा

हंगामाप्रमाणे मेन्यू बदलणाऱ्या लहान रेस्टॉरंटांच्या मालकांना, मालकिणींना आणि तिथल्या आचाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला उद्देशून लिहिलेलं नाही. तुमच्यासारखी माणसं जगात सगळीकडे आहेत. मोजकी टेबलं, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू, आणि दर काही आठवड्यांनी तो पुसून नव्याने लिहिणारा कुणाचा तरी हात. तुमच्यातले काही जण तर वर्षातले काही महिने चक्क दारच बंद ठेवतात. अशा जागांवर आम्हा मित्रमंडळींचा फार जीव. भेटायचं ठरलं की ‘कुठे’ हा प्रश्नच निघत नाही. ‘कधी’ यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर इतका काथ्याकूट चालतो, की तेवढ्यात तुमचा एखादा हंगाम उलटून जावा.

लिहायला बसले त्याचं कारण असं, की तुमच्यातले बरेच जण अलीकडे डळमळताना दिसतायत. मेन्यू लांबत चाललाय. फळ्याच्या कोपऱ्यात आधी ‘वर्षभर मिळेल’ अशी लहानशी चौकट येते, आणि काही महिन्यांनी बघावं तर चौकटीबाहेर लिहायला जागाच उरलेली नसते. कारण विचारलं की तुम्ही म्हणता, गिऱ्हाईक मागतं. कुणीतरी ‘पर्याय फार कमी’ असं लिहून दोन तारे देऊन गेलेलं असतं आणि ते तुमच्या जिव्हारी लागलेलं असतं. पण हे मागणारं गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच की. तेव्हा आमच्या वतीनेच सांगते, आमचं ऐकू नका.

आम्ही कसे असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या खेपेला जे आवडलं तेच पुन्हा हवं. आमच्यातला एक मित्र फळ्यासमोर उभा राहून जे लिहिलंय ते सोडून जे पुसलंय तेवढंच वाचतो. “ते भाजलेल्या भोपळ्याचं सूप होतं ना, ते द्या की करून. एकच प्लेट.” वाढणारी मुलगी हसून नाही म्हणते. तो मालकाला गाठतो. मालकही नाही म्हणतो. मग टेबलावर येऊन तो बराच वेळ कुरकुरतो, हात पुसतो, पाणी पितो, आणि न राहवून शेजारच्याच्या बशीतलं काहीतरी उचलून तोंडात टाकतो. मग म्हणतो, “हे काय आहे?” त्याच्या तोंडून हा प्रश्न मालकाच्या नकारामुळे निघाला. सूप मिळालं असतं तर त्याने बशीतून मान वर काढली नसती.

यादीतून निवडून मागवणं हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्यासारखं आम्ही वागतो, पण ही सोय तशी अलीकडची आहे. आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो ते १८व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये निघालं. त्याआधी तिकडच्या खानावळींत ठरल्या वेळेला एका लांब टेबलावर सगळ्यांपुढे एकच जेवण यायचं, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. स्वतंत्र टेबल, छापील यादी, प्रत्येक पदार्थासमोर त्याची किंमत आणि आपल्या वेळेला आपल्या पसंतीचं जेवण ही तेव्हाची नवलाई होती. चांगलीच होती म्हणा! अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून गार रस्सा खायची हौस मलाही नाही. पण यादी एकदा आली की ती वाढतच जाते, आणि कधीतरी कुणीतरी ती पुन्हा आखडावी लागते. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ‘शे पानिस’ हे रेस्टॉरंट सुरू केलं ते रोज एकच ठरलेलं जेवण ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलून. निवडीची मुभा असलेला त्यांचा कॅफे वरच्या मजल्यावर निघाला १९८० मध्ये. म्हणजे सुरुवातीची इतकी वर्षं ‘आज हे आहे, बसा’ एवढ्यावर ती जागा चालली, नुसती चालली नाही तर गाजली. तुम्ही बर्कलीत नाही आणि तुमच्या दाराशी पत्रकार ताटकळत नाहीत, हे मान्य. तरीही लोक असं जेवायला येतात एवढं तरी त्यावरून दिसतं.

आता मालाचं. हंगामाबाहेर मिळत नाही अशी वस्तू आज शोधून सापडायची नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. सफरचंदांच्या शीतगृहात हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आणतात आणि फळं महिनोन्महिने तशीच निजवून ठेवतात. टोमॅटो हिरवाच तोडायचा, लांबचा प्रवास घडवायचा आणि इथिलीन वायू देऊन लाल करायचा. दिसायला दोन्ही झकास. पण २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो आठवडाभर ५ अंश सेल्सिअसला ठेवून बघितले, तेव्हा साखर आणि आम्लं जवळजवळ होती तेवढीच राहिली आणि वास मात्र उतरला. टोमॅटोला त्याचा वास देणारी द्रव्यं ज्या जनुकांमुळे तयार होतात ती थंडीत मंदावतात, आणि फळ पुन्हा बाहेर काढून ठेवलं तरी पुरती पूर्वपदावर येत नाहीत. गोडी आहे, आंबटपणा आहे, फक्त टोमॅटो नाही!

मटार आणि मक्याचं दुखणं निराळं. तोडल्या क्षणापासून त्यांच्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, आणि उकाडा असेल तर आणखीच झपाट्याने. सकाळी तोडलेल्या शेंगेतला दाणा दाताखाली पट्कन फुटतो. तिसऱ्या दिवशीचा चावावा लागतो, साल एकीकडे आणि गर एकीकडे, आणि जिभेवर पीठ राहतं. मग तुमचा आचारी त्यात चिमूटभर साखर घालतो, वर लोण्याचा गोळा सोडतो. आम्हाला हे कळत नाही असं समजू नका. गप्पांच्या नादात बोलत नाही, इतकंच.

हंगाम संपण्यालाही कारण असतं, आणि ते नीट सांगितलं तर गिऱ्हाईक ऐकतं. जर्मनीत अ‍ॅस्परॅगसचा हंगाम परंपरेने २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी संपतो. जमिनीतून कोंब त्यानंतरही येतच असतात. पण ते तोडत राहिलं तर झाडाला पाला धरता येत नाही, मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठत नाही, आणि पुढच्या वसंतात कोंब रोडावतात. म्हणून सुरी खाली ठेवायची. तिथली रेस्टॉरंटं हंगामात अ‍ॅस्परॅगसचं वेगळं कार्ड टेबलावर ठेवतात आणि जून सरता सरता उचलतात. कार्ड उचललं म्हणून कुणी दोन तारे देत असेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडेही हे जमेल. ‘अमुक आता पुढच्या वर्षी’ एवढी एक ओळ फळ्यावर लिहा आणि शेजारी कारण लिहा. वाचतील लोक. टेबल रिकामं होईपर्यंत दाराशी उभे असतात तेव्हा दुसरं करण्यासारखं काय असतं!

फक्त जे संपलंय ते आम्ही बसताक्षणी सांगा. आठ माणसांनी डोकं चालवून, एकीला दूध चालत नाही हे सांभाळून, दोघांचं भांडण मिटवून एकदाची ऑर्डर ठरवायची, आणि मग वेटरने वही मिटता मिटता सांगायचं की त्यातले तीन पदार्थ दुपारीच संपले, हा शुद्ध छळ आहे. लिहायला लागतो त्याच खडूने रेघही मारता येते.

आणि नाही म्हणताना माणूस बघून म्हणा. भोपळ्याच्या सुपाचा हट्ट वेगळा आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वेगळी. अ‍ॅलर्जीवाल्याला ‘आमचा मेन्यू असाच असतो’ हे उत्तर ऐकवणाऱ्या आचाऱ्याच्या हातचं मला तरी जेवायचं नाही. सोबत आलेल्या लहान मुलालाही साधं काहीतरी करून देण्यात तुमच्या कलेला बट्टा लागत नाही.

आता टेबलाविषयी, कारण आम्ही शेवटी एकमेकांना भेटायला येतो आणि जेवण हे त्याचं निमित्त असतं. (कधीकधी उलटंही असतं. एका मित्राला केवळ तुमच्या जेवणासाठी सहन करतो आम्ही. त्याला हे माहीत आहे.)

दहा पानी मेन्यू आला की आठ माणसं परीक्षेला बसल्यासारखी खाली माना घालतात. बोलणं बंद. ज्याने त्याने आपापलं काहीतरी मागवायचं, आपापल्या बशीत बघून खायचं. फळ्यावर नऊच ओळी असल्या की मात्र कुणीतरी सरळ म्हणतं, “सगळंच एकेक आणा.” मग भाजलेल्या वांग्याची एकच बशी येते. ती मधोमध ठेवायची की फिरवायची यावर दुमत होतं. कडेचा करपलेला, तेल पिऊन चकाकणारा तुकडा एकीने वेटर दारात असतानाच हेरलेला असतो, आणि तो दर वेळी तिलाच मिळतो, कारण तिचा हात सगळ्यांत लांब. कुणी पावाने बशीची कड पुसून घेतं. शेवटचा घास तसाच पडून राहतो. तो उचलणं बरं दिसत नाही असं आठही जणांना वाटतं, आणि वेटर बशी उचलायला वाकला की आठही हात पुढे येतात. लांब मेन्यूच्या रेस्टॉरंटात हे होत नाही, कारण तिथे ज्याची बशी त्याची.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१७ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीवरून मांडलं, की जे लोक इतरांबरोबर अधिक वेळा जेवतात ते स्वतःच्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात आणि वेळेला धावून येतील असे मित्र त्यांना अधिक असतात. रात्रीच्या जेवणात हसणं आणि जुन्या आठवणी निघणं, यांनी जवळीक वाढते असंही त्यात दिसलं. आता मित्र आहेत म्हणून लोक एकत्र जेवतात की एकत्र जेवतात म्हणून मित्र टिकतात? डनबार यांच्या विश्लेषणाचा कल दुसऱ्या बाजूला होता, आणि माझाही आहे. आमच्यातल्या काही जणांत आता तसं समान काहीच उरलेलं नाही. कामं वेगळी, मतं तर विचारूच नका. पण हंगामाचा पहिला आठवडा चुकवायचा नाही, एवढ्या एका बाबतीत सगळे एक आहेत.

तुमच्या जास्त उपयोगाची गोष्ट डनबार आणि सहकाऱ्यांच्या १९९५ सालच्या निबंधात आहे. मोकळेपणी बोलत बसलेल्या माणसांचं निरीक्षण करून त्यांनी दाखवलं, की एका संभाषणात साधारण चारच जण सामावतात, आणि त्याहून जास्त झाले की ते फुटून दोन होतात. तेव्हा आमच्या आठ जणांसाठी तुम्ही दोन-तीन टेबलं लांबीला लांबी जोडून आगगाडी करता, ते नका करू. मधल्यांना दोन्हीकडच्या गप्पा मिळतात, आणि टोकाचे दोघे रात्रभर चेहऱ्यावर हसू ठेवून, पलीकडे कशाला हशा पिकला याचा अंदाज बांधत बसतात. टेबलं रुंदीला जोडा, चौरस होऊ द्या. फुटणाऱ्या गप्पा मग निदान दर वेळी वेगळ्या जागी फुटतात, आणि बशीही सगळ्यांच्या हाताशी राहते.

आवाजाचं तर काय सांगावं! गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच लिहून ठेवलंय. तुम्ही संगीत जरासं वाढवता. एक टेबल आवाज चढवतं. तो शेजारच्या टेबलाला गोंगाट वाटतो म्हणून ते चढवतं. मग संगीत ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ते पुन्हा वाढवता. त्यात हल्ली सगळीकडे काँक्रीटची जमीन, उघडं छत आणि मोठाल्या काचा. आवाज शोषून घेईल असं एकही चिंधूक नाही. पडदे लावा, छताला आणि टेबलाच्या खालच्या बाजूला जाड फेल्ट चिकटवा, संगीत कमी करा, नाहीतर बंदच करा. तुम्ही एका वांग्यावर इतकी मेहनत घेता, आणि ते कसं झालंय हे मैत्रिणीला सांगायला मला ओरडावं लागतं.

तसंच वाढतानाच्या प्रवचनाचं. दोन वाक्यं पुरेत. एक मैत्रीण नोकरी सोडल्याची बातमी सांगत होती, वाक्य अर्ध्यावर होतं, आणि वेटरने येऊन गाजराची वंशावळ सुरू केली. कोणत्या मळ्यातलं, कोणत्या जातीचं, कितीव्या तासाला उपटलं. गाजरही निवलं आणि बातमीही. कुणी विचारलं तर जरूर सांगा, विचारणारे असतातच आमच्यात.

बिलाबद्दल थोडक्यात. बिल समान वाटायचं ठरलं की हात सैल सुटतो, यावर प्रयोग झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये सहा-सहा अनोळखी माणसांना एका रेस्टॉरंटात जेवायला बसवलं. ज्याचं त्याने द्यायचं तेव्हा माणशी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं जेवण झालं, आणि समान वाटणी ठरली तेव्हा सुमारे ५१ शेकेलचं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मित्रांमध्ये थोडी लाज आडवी येत असेल, पण भरवसा देत नाही मी. तुमच्या आखूड मेन्यूत ही भानगड मुळातच मिटते. माणशी एक रक्कम सांगा आणि सगळं मधे आणून ठेवा. कमी खाणारीवर अन्याय होतो असं कुणी म्हणेल. आमच्यातली कमी खाणारी दुसऱ्यांच्या बशीतून किती खाते, ते त्याने एकदा येऊन बघावं.

आता थोडं कडू बोलते. ‘स्थानिक’ ही पाटी लावली की दर चढवता येतो, हे तुमच्यातल्या काहींना कळून चुकलंय. फळ्यावर मळ्याचं नाव, आणि मागच्या दाराशी घाऊक बाजाराचा ट्रक. मला ट्रकचं वावडं नाही. मीठ, मिरी, तेल, कॉफी काही मागच्या अंगणात उगवत नाही. जे आणलंय ते आणलंय म्हणा, एवढंच. आणि पृथ्वी वाचवल्याचं श्रेय जरा बेताने घ्या. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला मोठा अभ्यास बघितला, तर बहुतेक पदार्थांच्या हरितवायू उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहानच निघतो. ताटात काय आहे, याने ते किती लांबून आलं यापेक्षा जास्त फरक पडतो. विमानाने आणलेल्या नाजूक मालाची गोष्ट अर्थात वेगळी. आणि जवळच्याच पण इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातला टोमॅटो, लांबच्या उघड्या रानात उन्हाने पिकलेल्या टोमॅटोपेक्षा पर्यावरणाला भारी पडू शकतो. तुम्ही जवळचं देता याचं मला कौतुक आहेच, पण त्याहून जास्त ते तुम्ही त्या-त्या वेळचं देता याचं आहे. निवडायची वेळ आली तर वेळेला धरून राहा.

वाया जाण्याच्या बाबतीत मात्र छाती पुढे काढून श्रेय घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. सर्वांत मोठा वाटा घराघरांतला होता, पण सुमारे २९ कोटी टन रेस्टॉरंटं, कँटीन अशा खाऊ घालणाऱ्या जागांचं होतं. लांब मेन्यू म्हणजे कुणी मागेल न मागेल अशा चाळीस डब्यांनी भरलेला फ्रीज, आणि आठवड्याच्या शेवटी त्यातल्या निम्म्यांचा वास घेऊन नाक मुरडणारा आचारी. तुमचा पदार्थ रात्री नऊला संपतो, आम्ही चडफडतो, आणि तुमची कचऱ्याची बादली हलकी जाते. चडफडू द्या आम्हाला.

बंद महिन्यांबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे तुम्ही स्वतःच गडबडता. स्पेनच्या किनाऱ्यावरचं ‘एल बुयी’ हे रेस्टॉरंट वर्षातले साधारण सहा महिनेच उघडं असायचं. उरलेल्या काळात तिथले मुख्य आचारी फेरान आद्रिया आणि त्यांचे सहकारी बार्सिलोनातल्या कार्यशाळेत नवे पदार्थ शोधत बसत. जगभरातून लोक टेबलासाठी अर्ज करायचे, तरीही जुलै २०११ मध्ये ते रेस्टॉरंट म्हणून बंद झालं. कोपनहेगनच्या ‘नोमा’ या रेस्टॉरंटने वर्षाचे तीन भाग पाडले. आधी मासे आणि शिंपले, मग भाजीपाला, मग शिकार आणि रानातला माल. कल्पना सुरेख, पण त्याच मुदपाकखान्यात शिकाऊ आचारी वर्षानुवर्षं बिनपगारी राबत होते. त्यांना पगार सुरू झाला ऑक्टोबर २०२२ पासून.

तुमची ऐपत तशी नाही आणि तुमच्याकडे फुकट राबायला कुणी येतही नसेल. पण दार बंद झाल्यावर वाढणारी ती मुलगी काय करते? आमच्यातल्या कुणाला कच्चा कांदा सोसत नाही, कुणाला खिडकीजवळ बसवलं की सर्दी होते, हे तिला पाठ आहे. मधल्या महिन्यांत तिला दुसरीकडे नोकरी धरावी लागते आणि पुढच्या हंगामात तिच्या जागी नवा चेहरा असतो, ज्याला फळ्यावरचे पदार्थही धड सांगता येत नाहीत. तेव्हा निदान दोन-तीन माणसं वर्षभर पगारावर ठेवा. भर हंगामात उतू जाणारा माल वाळवून, मुरवून, बाटल्यांत भरून ठेवा आणि दार बंद असताना या माणसांनी तो विकावा. आम्ही घेऊ. त्यासाठी हंगामातल्या जेवणाचा दर वाढवावा लागला तर वाढवा आणि कशासाठी वाढवला ते फळ्यावर लिहा. मळ्याचं नाव वाचून आम्ही पैसे देतोच, माणसाच्या पगारासाठीही देऊ. कुरकुर होईल, पण ती तशीही होतेच.

आमच्याकडून काय? टेबल राखताना आगाऊ पैसे मागा, आठ जणांच्या टेबलाला तर मागाच. सांगून न येणाऱ्या एका टोळक्याने लहान जागेची अख्खी रात्र बुडते. आठाचे पाच झालो तर दुपारच्या आत कळवू, म्हणजे तुम्हाला भाज्या चिरायच्या आधी समजेल. शनिवारी गर्दीत घुसण्यापेक्षा मंगळवारी येऊ. त्या दिवशी तुमची टेबलं रिकामी असतात आणि आम्हाला उठवायची तुम्हाला घाई नसते. खुर्च्या उलट्या टेबलांवर चढायला लागल्या की मात्र हाकलून द्या, आपणहून उठणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

शेवटची विनंती अगदी किरकोळ आहे. पुढचा हंगाम कधी सुरू करणार ते महिनाभर आधी दारावर लावत जा, आणि साधारण कधी संपेल तेही. तारीख चार-आठ दिवस मागेपुढे झाली तरी चालेल, पाऊस-थंडी तुमच्या हातात नाही हे समजतं आम्हाला. पण आठ जणांच्या रजा जुळवायला वेळ लागतो हो, आणि पहिल्या आठवड्याचं टेबल गेलं की त्याचा दोष दर वर्षी माझ्यावर येतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
मंगळवारच्या आठ जणांपैकी एक